बाबांनी निवडलेला खेकडा

निळा उजेड बाबांच्या चेहऱ्यावर पडला की तो चेहरा बोटीवरचा राहत नसे. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने जुन्या तांब्याच्या हंड्यासारखी झालेली ती कातडी काचेच्या टाकीसमोर एकदम ओलसर, कोवळी भासे. कपाळावरच्या आठ्यांमधून पाण्याची लवलवती जाळी सरकत जाई, आणि ज्याने जन्मभर पाण्यावर जाळी टाकली त्याच्यावरच पाण्याने अलगद टाकलेली ती जाळी मी दारात चपला काढता काढता पाहत उभी राही. दुपार उतरणीला लागलेली असे. खिडकीतून पिकल्या चिकूंचा गोडसर, जड वास येई, टाकीचा पंप एका सुरात गुणगुणत असे, आणि त्या गुणगुणीत मधूनच एक कोरडी टिचकी वाजे. टक्. बाबा मान न वळवता म्हणत, "आली का बाय? तुझी कोळंबी बोटं मोडतेय."

माझे वडील किनाऱ्यावरच्या आगर गावचे तांडेल. तांडेल म्हणजे ज्याच्या शब्दावर बोट वळते आणि खलाशी जाळे ओढतात तो. हातांतली ताकद ओसरली तेव्हा त्यांनी बोट धाकट्या भावाच्या स्वाधीन केली आणि दुपारच्या शेअर रिक्षाने आमच्याकडे, डहाणू रोडला, येऊ लागले. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्या करगोट्याला असे. मी त्यांची थोरली लेक, शाळेत विज्ञान शिकवते. ज्या घरात वर्तमानपत्र फक्त सुके बोंबील बांधायला येत होते त्या घरातून मी प्राणिशास्त्राची पदवी बाहेर काढली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही.

टाकी माझी. प्रवाळांची, खऱ्या खाऱ्या पाण्याची. समुद्राच्या इतक्या जवळ राहून मी मुंबईहून मिठाची पाकिटे आणते, गाळलेल्या पाण्यात ते मीठ मापून मिसळते, हे बाबांना कळले तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "समिंदर दाराशी, आणि लेक मीठ विकत आणून समिंदर करते! याच्यासाठी शिकवली का तुला?" मी सांगितले, आपल्या खाडीचे पाणी गढूळ, प्रवाळांना ते सोसत नाही. "नाजूक हायत तर," ते म्हणाले, आणि त्या 'नाजूक'मध्ये हेटाळणी होती की कौतुक, ते त्यांच्या पापण्यांआड राहिले.

असल्या टाकीत काय सोडायचे हे ठरवणे म्हणजे एका खोलीच्या घरात भाडेकरू ठेवण्यासारखे आहे. देखणा दिसला म्हणून घेऊन चालत नाही. फुलपाखरी मासा रूपाने राजबिंडा, पण तो प्रवाळ टोचून टोचून खातो. काही मासे एकटे असतील तर साधू, आणि जातभाई दिसला की वैरी. जो भांडखोर त्याला सर्वांत शेवटी सोडायचे, नाहीतर तो आधी येऊन सगळ्या कपारी स्वतःच्या नावावर करून बसतो. शंखातल्या खेकड्याला मोकळे शंख ठेवायचे, नाहीतर तो जिवंत गोगलगाईला घराबाहेर ओढतो. तोंड केवढे आहे, भूक कशाची आहे, रात्री कोण जागे असते, एवढे पाहून मी एकेक जीव आणला. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिशची जोडी आली तेव्हा बाबांनी त्यांचे नाव लगेच 'पट्टेवाले' ठेवले, आणि माझ्या नवऱ्याला, विनयला, विचारले, "तुमच्या तलासरीच्या कचेरीतले हे दोघं इथं कसे? तिथं काम कोण करतंय?"

पण बाबांचा जीव जडला तो एका वेगळ्याच जोडीवर. टाकीच्या कोपऱ्यात, वाळूत, एक बोटभर पिवळा मासा आणि एक जवळजवळ आंधळी कोळंबी एकाच बिळात राहत. कोळंबी दिवसभर वाळू उपसून बीळ नीट करी, मासा दाराशी पहारा देई, आणि काम करताना कोळंबी आपली एक लांब मिशी सतत माशाच्या अंगाला टेकवून ठेवी. मासा थरथरला की ती आत. त्या कोळंबीच्या नांगीचीच ती टिचकी. बाबा खुर्ची ओढून तासन् तास त्या कोपऱ्यासमोर बसत. बोटीवर रात्री सुकाणूपाशी बसणाऱ्याच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवून झोपावे, तसे त्यांना ते दिसत असावे. एकदा पुटपुटले होते, "तुझी आय अशीच होती." आई जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता.

लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जायचे नाही, ही आमच्याकडची रीत. बाबांच्या हातात नेहमी पिशवी असे; थंडीत ताजे बोंबील, कधी पापलेट, काहीच नसले तर कुणाच्या वाडीतले चिकू. त्या फाल्गुनात, मी शाळेत असताना, ते ओहोटीला खडपात, उघड्या पडलेल्या खडकांत, उतरले आणि टाकीसाठी म्हणून स्वतः निवडून एक खेकडा घेऊन आले. मी घरी पोचले तेव्हा तो पाण्यात सोडून झालेला होता, आणि बाबा खुर्चीवर ताठ बसून माझ्या चेहऱ्याची वाट पाहत होते.

"खायला नाय आणला, बघायला आणला," ते म्हणाले. "दहा बघितले आणि हा उचलला. नांग्या बघ त्याच्या! कसा दमाचा हाय."

खरोखरच तो देखणा होता. शेवाळी पाठ, नांग्यांच्या टोकांवर जांभळी झाक, आणि चालण्यात एक बेपर्वा ऐट. बाबांच्या निवडीत खोट काढण्यासारखे काही नव्हते. जन्मभर त्यांनी ज्याला चांगला म्हटले तो असाच होता. भरलेला, जड, हाताला झटका देणारा. बाजारात ज्याच्या नांगीत जोर त्याला भाव, आणि जो मऊ पडला तो टोपलीच्या तळाशी. काचेच्या आतला कायदा नेमका उलटा आहे, तिथे सौम्य तेच उत्तम आणि दमाचा तोच घातकी, हे त्यांच्या हातांना कुणी कधी शिकवले नव्हते. त्या हातांनी प्रेमाने, पारखून, सगळ्यात वाईट तेच निवडले होते.

मी म्हटले, "छान आहे, बाबा." मनात होते, ते गेले की काढू. पण ते जाईपर्यंत खेकडा खडकांच्या पोटात शिरला होता, आणि त्याला हाताने काढायचे तर सगळे प्रवाळ उचकटावे लागले असते.

आठवड्याच्या आत टिचकी थांबली. कोपऱ्यातले बीळ ढासळले. पिवळा मासा त्या खळग्यावर तरंगत राहिला, दाराशीच, पण आता मागे दारच नव्हते. एक सोपा उपाय होता. बाटलीत कोळंबीचा तुकडा ठेवून ती टाकीत आडवी टाकली की खेकडा आपणहून आत येतो आणि गुळगुळीत काचेवर चढता न आल्याने अडकतो. विनयने बाटली धुऊनही आणली. मग म्हणाला, "पण बाबांना दिसेल गं. विचारतील कशाला ठेवली." मी बाटली ओट्याखाली ठेवून दिली. आम्हाला वाटले, आपण त्यांचा मान राखतो आहोत. तो मान राखता राखता पिवळा मासाही एका सकाळी नाहीसा झाला.

बाबांना कुणी काही सांगितले नाही. सांगायची गरजच नव्हती. इंजिनाच्या आवाजातला फरक झोपेतही ओळखणारा तो माणूस. पुढच्या खेपेला आले, खुर्चीवर बसले, आणि थोड्या वेळाने त्यांची मान कलली. ते ऐकत होते. पंप गुणगुणत होता, पंखा फिरत होता, खालून रिक्षांचे आवाज येत होते, आणि या सगळ्याच्या मधोमध ती टिचकी नव्हती. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिले. मग हातांकडे. मग उठून खुर्ची हळूच, फरशीवर घासणार नाही अशी, उचलली आणि गॅलरीत नेली.

त्यानंतरचे बाबा म्हणजे ओहोटीने मागे सोडलेली बोट. येत, पण कमी. टाकीकडे पाठ करून गॅलरीत बसत, आणि समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहत. चहाचा कप दोन्ही हातांत धरत, जणू ते हात आणखी कुठे ठेवायचे ते कळत नव्हते. आणि रिकाम्या हाताने येत. तांडेल लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जातो, हे आगरच्या रिक्षातल्या बायांनीही पाहिले असणार. निळा उजेड रोज भिंतीवर नाचे. तो झेलायला तिथे चेहरा नव्हता. मी म्हणे, "आत बसा ना बाबा, ऊन येतंय." ते म्हणत, "असू दे. बरं हाय इथं." मी शिकलेली बाई, वर्गात पोरांना सांगते की निरीक्षण जसे असेल तसे लिहा, कुणाला बरे वाटावे म्हणून बदलू नका. घरी मात्र मी चहात साखर किती, एवढेच बोलत राहिले.

वैशाखात एका रविवारी विनयचे साहेब पत्नीसह चहाला आले. टाकी त्यांनी आधीही पाहिली होती. बाई कोपऱ्याशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अय्या, ती टकटक करणारी कोळंबी कुठंय? आणि तो तिचा वॉचमन?"

मी विनयकडे पाहिले. तो भला माणूस. त्याला गॅलरीत बसलेल्या बाबांची पाठ दिसत होती. चटकन म्हणाला, "लाइट गेली होती हो रात्रभर. पंप बंद पडला, त्यात गेली दोघं."

गॅलरीत कप खाली ठेवल्याचा आवाज आला. बाबा दारात येऊन उभे राहिले. लुंगी नीट केली, शर्टाचे वरचे बटण लावले.

"लाइट नाय गेली, विनयराव. माझ्या खेकड्यानं खाल्ली. मी निवडून आणला होता."

खोलीत सगळेच अवघडले. बाईंनी हसून सावरायला पाहिले, "अहो काका, तुम्ही जन्मभर मासे मारले, एका कोळंबीचं काय घेऊन बसलात!"

"ते मारले ते कुणाच्या तरी पोटात गेले," बाबा म्हणाले. "ही तर घरातली होती. उगाच गेली." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, त्यांनी विचारले, "आणि तो अजून आत हाय ना? मग काढत का नाय त्याला?"

मी ओट्याखालून बाटली काढली. धुतलेली, तयार, आत सुकलेला पाण्याचा डाग. बाबांनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली, आणि ती किती दिवस तिथे पडून होती हे त्यांना कळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर न पाहिलेले काहीतरी उमटले. राग नव्हता तो. आपल्याच माणसांनी आपल्याला खरे ऐकायला कच्चा धरला, याची ती शरम होती. आणि ती त्यांना आमच्यापायी वाटत होती.

संध्याकाळी मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. रस्त्यावर दिवसभराची धग होती, पश्चिमेचे आभाळ तांबूस, आणि बाबांची सावली त्यांच्याहून ताठ चालत होती.

"बाय," ते म्हणाले, "खडकावर जाळं फाटलं तर बोट काठाला लागायच्या आधी तांडेलानं तोंडानं सांगायचं, माझ्यामुळं फाटलं. खलाशानं सांगितलं तर भांडण होतं. कुणीच नाय सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटीवर कुणी येत नाय." रिक्षा आली. आत बसता बसता म्हणाले, "मी यायचो तेव्हा दर खेपेला वाटायचं, आज कुणीतरी विषय काढेल. तुम्ही गप्प राहून माझी सांगायची वाटच बंद केलीत."

रिक्षा निघाली आणि मी घराकडे वळले. त्यांनी सांगितले ते पदवीच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते, असे म्हणून सुटका करून घेता आली असती. पण त्याला पुस्तक लागतच नव्हते.

रात्री आमिष घालून टाकीत ठेवलेल्या बाटलीत दुसऱ्या सकाळी खेकडा सापडला, आणि दुपारी येऊन बाबांनीच तो नेऊन खडपात सोडला. पुढच्या खेपेला त्यांच्या हातात पिशवी होती. खुर्ची त्यांनी स्वतःच आत आणली. मी विचारले, आता कोपऱ्यात काय सोडू या, तुम्ही सांगा. त्यांनी मान हलवली. "तू निवड. मी बघतो." त्या बोलण्यात रुसवा नव्हता, ज्या पाण्याची आपल्याला माहिती नाही तिथे सुकाणू दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या तांडेलाची सहजता होती. निळी जाळी पुन्हा त्यांच्या कपाळावरून सरकू लागली. पाऊस सरेपर्यंत ती तशी सरकली. नवरात्राच्या आधी बाबा गेले, झोपेतच, कुणालाही उठायला न लावता.

आता घरी कुणी टाकीपाशी उभे राहिले की मी अजून मोकळ्याच ठेवलेल्या त्या कोपऱ्याबद्दल विचारले जातेच. मी सांगते: माझ्या वडिलांनी निवडलेल्या खेकड्याने कोळंबी खाल्ली, आणि आम्ही ते त्यांच्यापासून लपवले म्हणून मासाही गेला. ऐकणारे चपापतात. गेलेल्या माणसाबद्दल असे बोलतात का, हे त्यांच्या डोळ्यांत दिसते. विनय नजर खाली घालतो, माझे कान तापतात, आणि तरीही मी वाक्य पुरे करते. मृत्यू माणसाला हळूहळू धुऊन, पुसून, निर्दोष करून आपल्यापासून दूर नेतो. माझे बाबा मला तेवढे दूर नको आहेत, म्हणून त्यांची ती एक चूक मी त्यांच्याच शब्दांत सांगत राहते, आणि त्या वाक्यापुरते तरी ते दारात उभे असतात, शर्टाचे वरचे बटण लावून.