विच हेझलचा बोळा

बाबांनी जन्मभर दुकानात लोकांच्या दाढ्या केल्या. आता त्यांची दाढी मी करते, आणि रोज कुठेतरी कापतेच. मग कापसाच्या बोळ्यावर विच हेझल, ते दाढीनंतर लावायचं औषधी पाणी, ओतायचं, म्हणजे गालाची आग शमते. हे त्यांनीच शिकवलेलं.

आज हनुवटीला कापलं.

"जरा नीट बसा ना, बाबा," मी खेकसले.

त्यांनी माझ्या हातातला बोळा काढून घेतला आणि माझ्याच गालावरून हलक्या हाताने फिरवला.

"झोंबतंय का, साहेब?"

"नाही," मी म्हटलं. "बरं वाटतंय."

"मग उठा आता. दुकान बंद करायचंय. मुलगी जेवायची थांबली असेल माझी."