दोन सह्यांचं खातं

तोफेने तिसऱ्या बँकेच्या अर्जावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि बाकीच्या दोन बँकांचे कागद टराटरा फाडून टोपलीत टाकले. समोर बसलेल्या धाकट्या भावाने हसून मान डोलावली.

“झालं एकदाचं. तीन आठवडे डोकं खाल्लंस, ताई.”

तिने पेन्सिल खाली ठेवली. बोलणं हा आता तिचा प्रांत राहिला नव्हता. एके काळी ती कचेरीत बोलायला लागली की जिन्याखालच्या माणसाला कळायचं. तोफ हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी घशात गाठ निघाली, ती कापली, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती खरखर.

धंदा तिचा. परदेशातले कारखाने यंत्रं बनवायचे, आणि ती कशी चालवायची, कशी उघडायची, कुठे बोट घालायचं नाही, याची चित्रांची पुस्तकं तोफेच्या कचेरीतून तयार होऊन जायची. नऊ माणसं, अकरा गिऱ्हाइकं, त्यातलं एकही या देशातलं नाही. धाकटा मागून आला. त्याची नोकरी सुटली तेव्हा तिनेच त्याला निम्म्याचा भागीदार करून घेतलं होतं.

सध्याची बँक परदेशातून आलेल्या पैशाला वाटेत तीन ठिकाणी कात्री लावायची, आणि वर चलन बदलायचा दरही पडेलच द्यायची. दुसरीचा दर चोख, पण सगळा कारभार पडद्यावर. खातं अडलं तर भांडायला समोर माणूस नाही. तिसरीत गिऱ्हाईक त्याच्याच देशात भरल्यासारखे पैसे भरणार, ते त्याच चलनात पडून राहणार, भाव बरा दिसला की बदलून घ्यायचे. हे सगळं तिने धाकट्याला तक्ता काढून दाखवलं. एक गोष्ट मात्र तक्त्याच्या तळाशी, बारीक अक्षरात लिहिली होती. या खात्यातून पैसा बाहेर काढायला दोन्ही भागीदारांच्या सह्या लागणार होत्या.

खरी गोष्ट तीच. ती इस्पितळात असताना सहीचा अधिकार एकट्या धाकट्याकडे गेला तो परत आलाच नव्हता, आणि तेवढ्यात त्याच्या नव्या घराचे दोन हप्ते कचेरीच्या खात्यातून गेले होते. तिने पाहिलं आणि मूग गिळून बसली. भावाला चोर म्हणण्यापेक्षा बँक बदललेली बरी, असा तिचा विचार. अशी माणसं असतात. नात्याला धक्का लागू नये म्हणून स्वतः खड्ड्यात उतरतात आणि वर म्हणतात, जागा बरी आहे.

धाकट्याने तळाची ओळ वाचली आणि दोन ठिकाणी फर्रकन सही केली. तिला इतकं हायसं वाटलं की आपलाच संशय खोटा, असं तिने ठरवून टाकलं. आठवड्याभरात खातं उघडलं, अकराही गिऱ्हाइकांना पत्रं गेली.

नुसत्या पत्राने भागणार नव्हतं, कारण नियम तिचाच. तीन वर्षांपूर्वी कुणा भामट्याने तिच्या नावाने पंप बनवणाऱ्या एका गिऱ्हाईक कंपनीला मेल धाडला होता, आमचं खातं बदललंय म्हणून. पैसे जाता जाता वाचले. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. सगळ्यांना कळवलं, खातं बदलल्याचं कुठलंही पत्र, कुठलाही मेल खरा मानू नका. मला फोन करा, माझा आवाज ऐका, मगच पैसे भरा.

सोमवारी सकाळी पंप कंपनीच्या हिशेब खात्यातल्या बाईंचा फोन आला. कचेरीचं निम्मं काम या एका कंपनीचं, आणि बाईंची ओळख बारा वर्षांची. तोफेने फोन स्पीकरवर टाकला.

“मीच बोलतेय,” ती म्हणाली. “नवा खाते नंबर बरोबर आहे.”

“माफ करा, कोण बोलतंय?”

“अहो, मीच. घशाचं ऑपरेशन झालं माझ्या.”

“त्या रजेवर आहेत, असं आम्हाला कळवलं होतं.”

आजारपण गिऱ्हाइकांना सांगायला नको, काम पळेल, असं धाकट्यानेच सुचवलं होतं आणि तिलाही ते पटलं होतं. बाईंना तिचं हसणं फार आवडायचं, म्हणून ती हसायला गेली. खोकला आला. मग तिने घाईघाईने बाईंच्या आईच्या मोडलेल्या गुडघ्याचा विषय काढला, लेकीच्या परीक्षेचा काढला.

“हे जुने मेल वाचून कुणीही सांगेल,” बाई कोरडेपणाने म्हणाल्या. “तुमचे भागीदार आहेत का तिथे? त्यांचा आवाज मी ओळखते.”

तोफेने सुटकेचा निःश्वास टाकला. फोन धाकट्याकडे सरकवला आणि सांग बाबा, अशी हाताने खूण केली.

धाकटा बोलू लागला तो अगदी मऊ आवाजात. लहानपणी घरात काही फुटलं की तो आईशी असाच बोलायचा.

“बाई, ती माझी बहीणच आहे. फसवाफसवी नाही, घाबरू नका. खूप आजारी होती. शरीर सुधारतंय, पण डोक्याने अजून... समजून घ्या. मनात येईल ते करते, कुणालाही पत्रं पाठवते. खातं जुनंच आहे.”

“अरे देवा. मला वाटलंच, काहीतरी बिनसलंय.”

“तिचा पुन्हा मेल आला तर मला कळवा. तिला उलट लिहू नका, त्रास होतो तिला.”

तोफ खुर्चीवरून उठली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, “खोटं!” घशातून जे निघालं त्याला शब्द म्हणता आलं नसतं.

“काय झालं?” बाईंनी घाबरून विचारलं. “त्या ठीक आहेत ना?”

“हे असंच चालतं,” धाकटा म्हणाला. “सवय झालीय आम्हाला.”

“बिचारी. जपा हो तिला.”

“जपतोय.”

त्याने फोन बंद केला. तिने अर्जाची प्रत त्याच्यापुढे आपटली आणि त्याच्या सहीवर बोट ठेवलं. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो बाहेर काढायला वाटच नव्हती.

“केली ना सही. खातं झकास निवडलंस तू,” तो म्हणाला. “त्यात काही येणार नाही, एवढंच.”

फोन पुन्हा वाजू लागला. दुसरं गिऱ्हाईक. धाकट्याने तो उचलला नाही, अदबीने तिच्यापुढे सरकवला.

“बोल की. तुझाच नियम आहे. फक्त एवढं बघ, तू एक सांगणार, मी दुसरं सांगणार, मग ते कुठल्याच खात्यात पैसे भरणार नाहीत. शनिवारी पगार आहेत.”

काचेपलीकडे नऊ माणसं माना खाली घालून काम करत होती. एक चित्रकार मुलगी शेजारणीला काहीतरी दाखवून हसत होती. नुकतंच तिने भाड्याने घर घेतलं होतं, आणि तोफेनेच तिला पगाराचा दाखला लिहून दिला होता.

पाच वेळा घंटी वाजली. सहाव्या वेळी तोफेने फोन उचलला आणि भावाच्या हातात दिला.