भिंतीला चढलेल्या फरश्या

नव्या घराच्या खर्चाचा तक्ता तिने नळाच्या वायसरापर्यंत मांडला होता. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईकडून कुणी वेगळी अपेक्षाही केली नसती. पायाच्या कामात खडक लागला आणि त्याने अंदाजापेक्षा बरेच जास्त पैसे खाल्ले, तेव्हा तिने ठरवलं, ही खोट आता फरशी, रंग, नळ आणि दारं यांतूनच भरून काढायची. हौसेला मोल नाही असं लोक म्हणतात. तिचं म्हणणं, मोल नसेल, पण मोजमाप आहे ना!

फरशी बसवणारा मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "बाई, दहा टक्के जास्त मागवा."

"कशाला? खोली न खोली मी स्वतः मोजलीय. आठशे ऐंशी चौरस फूट, म्हणजे पंचावन्न बॉक्स. तुटफुटीला एक. झाले छप्पन्न."

"एकसष्ट लागतील."

"वरचे पाच कुणाला? तुमच्या घरची ओसरी राहिलीय वाटतं?"

प्लंबर हसला, सुतार हसला. मिस्त्री काहीतरी सांगायला गेला, पण तोवर ती सुताराकडे वळून बिजागऱ्यांचं बोलू लागली होती. मिस्त्री उंच, सरळसोट माणूस, बोलण्यात कंजूष. कंत्राटदार त्याला ओळंबा म्हणायचा, भिंत सरळ आहे का ते बघायच्या दोरीवरून. ओळंब्याने दोरी ताणायला घेतली.

वाचलेल्या पाच बॉक्सच्या पैशांत तिने पुढच्या दाराला पितळी मूठ बसवून घेतली.

महिन्याभराने फरशी कमी पडली. शेवटची खोली सासूबाईंची. तिथे निम्मी फरशी झाली, पुढे नुसता सिमेंटचा कोबा. दुकानात चौकशी केली तर तो लॉट संपलेला. नवा आला होता त्याची छटा जरा पिवळसर. ती तरातरा खोलीत आली. कंत्राटदार तिथेच होता, सुतार आणि रंगारीही.

"छप्पन्न बॉक्स आले होते, मिस्त्री. पावती आहे माझ्याकडे. मग फरश्या गेल्या कुठे?"

"लागल्या, बाई."

"लागल्या? कुठे लागल्या? मला गणित शिकवू नका. झाली का ओसरी पूर्ण?"

या वेळी कुणी हसलं नाही. मिस्त्रीने थापी फडक्याने पुसली, पिशवीत ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेला. कंत्राटदाराने पाच बॉक्सचे पैसे त्याच्या मजुरीतून कापले आणि पलीकडच्या गल्लीत डॉक्टरांच्या घराचं फरशीचं काम त्याला मिळायचं होतं, ते दुसऱ्याला दिलं. "माल लांबवणारा माणूस नको मला," तो म्हणाला. तिला ते ऐकून बरंच वाटलं.

रविवारी, सगळी पुराव्यानिशी मांडणी असावी म्हणून, ती रिकाम्या घरात खडू घेऊन गेली आणि तिने खोलीमागून खोली फरश्या मोजल्या. कापलेले तुकडे जुळवून धरले. जमिनीवर भरल्या दोनशे पाच. बॉक्समागे चार, म्हणजे आलेल्या दोनशे चोवीस. एकोणीस गायब! तिने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि दमून भिंतीला टेकून बसली.

पाठीला, कमरेच्या जरा खाली, काहीतरी गार लागलं.

तिने वळून पाहिलं. भिंतीच्या पायाशी, खोलीभर फिरलेली चार इंच उंचीची पट्टी. स्कर्टिंग. त्याच फरशीतून कापलेली. दोन फुटी एका फरशीत अशा सहा पट्ट्या निघतात. ती गुडघ्यांवर रांगत सगळ्या घरातल्या पट्ट्या मोजत गेली. एकशे चौदा. भागिले सहा, एकोणीस.

एकही फरशी घराबाहेर गेली नव्हती. तिने जमीन मोजली होती, भिंतीला चढलेल्या फरश्या मोजल्याच नव्हत्या. सगळ्या घराच्या पट्टीचं क्षेत्रफळ काढलं, दारं वजा केली. अठ्ठ्याऐंशी चौरस फूट. आठशे ऐंशीचे बरोबर दहा टक्के. कान तापले तिचे. घरात कुणी नव्हतं, तरी तिने पदराने तोंड पुसलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पैसे देऊन टाक आणि मिटव. मिस्त्रीच्या पाया पडायला कुणी सांगितलंय?"

तिने कंत्राटदाराला फोन लावला. वाक्य तयार होतं: माझा हिशोब चुकला. पण पलीकडून "बोला मॅडम" ऐकू आलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"ते... बॉक्स सापडले. मागच्या बाजूला होते. त्याचे कापलेले पैसे देऊन टाका."

कंत्राटदार मोठ्याने हसला. "बघा! दम दिला की माल आपोआप परत येतो. बरं झालं तुम्ही बोललात."

"नाही, तसं नाही—"

"राहू द्या हो. पैसे देतो त्याचे. पण काम नाही देणार."

तिने फोन ठेवला. आधी चूक झाली होती. आता तिने खोटं सांगून एका सरळ माणसाला चोरीचा माल गुपचूप परत आणून ठेवणारा ठरवलं होतं. सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या.

"कुठे सापडले गं बॉक्स?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही, आई."

सासूबाई चष्मा पुसत राहिल्या. "त्याला चोर म्हणालीस तेव्हा किती जण होते तिथे?"

"तीन. आणि तो."

"मग फोनवर कसं भागेल?"

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती नव्या घराचं पितळी मुठीचं दार ओढून घेऊन, मिस्त्रीची चौकशी करायला डॉक्टरांच्या घराकडे गेली. मिस्त्री तिथेच होता, पण फरशीवर नव्हता. दुसरा मिस्त्री दोरी ताणत होता आणि हा त्याच्या हाताखाली रोजावर घमेल्याने सिमेंटचा माल वाहत होता. सुतारही तिथेच चौकट घासत होता. तिला पाहून त्याने रंधा थांबवला.

"मिस्त्री," ती म्हणाली. "स्कर्टिंग मी धरलंच नव्हतं. एकोणीस फरश्या तिथे आहेत. तुम्ही काही नेलं नाही. चूक माझी."

तिने हिशोबाचा कागद पुढे केला. मिस्त्रीने घमेलं खाली ठेवलं, हात पँटला पुसले आणि कागद सावकाश वाचला.

"दारं वजा केलीत?"

"केली."

"मग बरोबर आहे." त्याने कागद परत दिला.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"चोर म्हटल्यावर हिशोब सांगितला की सारवासारव वाटते, बाई. आणि ते बॉक्स सापडले म्हणे मागच्या बाजूला. कंत्राटदार शेठ सगळ्यांना सांगत होते."

तिची मान खाली गेली. पायाशी ओल्या मालाचे शिंतोडे उडाले होते.

"तेही खोटं," ती म्हणाली.

"मला माहीत आहे. शेठना नाही." त्याने तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. "लावा. इथूनच."

तिने लावला. मागे काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. कंत्राटदाराचा आवाज आला, तसं ती म्हणाली, "बॉक्स सापडले नाहीत. ते हरवलेच नव्हते. मी मोजायला चुकले आणि काल तुमच्याशी खोटं बोलले."

"काय? काही ऐकू येत नाही, मॅडम. मोठ्याने बोला."

तिने मिस्त्रीकडे पाहिलं. मिक्सरचं बटण त्याच्या हाताजवळच होतं. त्याने हात हलवला नाही. सुतार, नवा मिस्त्री, माल कालवणाऱ्या दोघी, सगळे आता काम थांबवून बघत होते.

तिने श्वास घेतला आणि पहिल्या वाक्यापासून, ओरडून, पुन्हा सांगायला सुरुवात केली.