डॉक्टरांचा काळा फिल्टर

गॅरेजच्या काचेमागे माणसं अशी श्वास रोखून उभी होती, की आत गाडी नव्हे, कुणी जवळचं माणूस टेबलावर आहे असं वाटावं. आत पांढरा कोट घातलेले 'गाडीचे डॉक्टर' डोळे मिटून उभे. कानात स्टेथोस्कोप, त्याचं टोक इंजिनावर.

"धाप लागलीय," डॉक्टर हळूच म्हणाले. "छाती भरलीय बिचारीची."

काचेमागे उसासे उमटले. डॉक्टर गाडीत वाकले, समोरच्या कप्प्यामागे हात घालून काहीतरी खटकन काढलं आणि वळून उंच धरलं. एसीचा फिल्टर, काजळीसारखा काळा! पांढऱ्या कापडावर त्यांनी तो झटकला. धूळ पडली, वाळकं पान पडलं, मागोमाग कसलंसं पिवळं पीस पडलं.

"ही हवा तुमची मुलंबाळं घेतायत!"

एका बाईंनी घाईघाईने नाकाला रुमाल लावला. गाडीचे मालक मात्र गंभीरपणे मान डोलवत होते. हे मालक म्हणजे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. सुटीच्या दिवशी ते गावोगाव फिरून बुवाबाजीचं पितळ उघडं पाडत. हवेतून राख काढणारे, पाण्याने दिवा पेटवणारे असे किती तरी महाराज त्यांनी भर सभेतून पळवून लावले होते.

"सर, तुमच्यासारख्या विज्ञानाच्या माणसाला मी काय सांगणार?" डॉक्टर म्हणाले.

झालं! सरांची छाती फुगली. डॉक्टरांनी इंजिनाच्या तेलात बुडवलेलं काळं बोट दाखवलं, तेव्हा तर ते दचकलेच. मग इंजिनाची आतून धुलाई, एसीला औषधी वाफ, टायरमध्ये खास हवा, सगळ्याला त्यांनी असा होकार दिला, जणू ते उपचार त्यांनीच शोधून काढले होते.

"गाडी कशी लोण्यासारखी चालतेय बघ," दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला ऐकवलं. बायको रक्ततपासणीच्या लॅबची प्रमुख. गाडी तीच चालवत होती.

"आणि ब्रेक लावला की किंचाळते ती?"

"डॉक्टर म्हणाले, आवाज आपोआप बसेल."

पुढे उतार होता आणि खाली सिग्नल लाल झाला. समोर सायकलवर एक बाई थांबली होती, मागे कॅरियरवर तिचं लहान मूल. बायकोने ब्रेक दाबला. गाडी किंचाळली, पण थांबेना. बायकोने हँडब्रेक खेचला. सायकलच्या चाकापासून वीतभर अंतरावर गाडी कशीबशी थांबली. त्या बाईने मागे वळून पाहिलं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

बायको प्राध्यापकांकडे वळली.

"अहो, एवढं सगळं केलंत. ब्रेक कुणी बघितले?"

गाडी तिथूनच दुसऱ्या गॅरेजला ओढून नेली. चाक काढल्यावर दिसलं, ब्रेकचे पॅड पार झिजून लोखंडावर लोखंड घासत होतं. करायलाच हवं असं काम ते एवढंच होतं. नेमकं तेच डॉक्टरांनी 'बसेल' म्हणून सोडून दिलं होतं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "तो काळा फिल्टर आपल्याच गाडीतला होता कशावरून?"

"अगं, माझ्या डोळ्यांदेखत काढला!"

"काचेपलीकडून. आणि तुम्हीच सांगितलंत, तेव्हा त्यांची पाठ तुमच्याकडे होती. आमच्याकडे बाटलीवर नाव नसेल तर आम्ही रक्त तपासत नाही. कुणाचं म्हणून तपासायचं?"

लोकांना 'बाबाच्या तोंडाकडे नको, हाताकडे बघा' असं सांगणाऱ्या सरांनी गाडीची किल्ली तिच्यापुढे केली. बायकोने गाडीतला कप्पा उघडला, फिल्टर बाहेर ओढला, त्याच्या कडेला नखांना लावायच्या पॉलिशचा लाल ठिपका दिला आणि तो परत बसवला.

काही दिवसांनी दोघं पुन्हा डॉक्टरांकडे गेली. काचेमागे गर्दी होतीच. स्टेथोस्कोप लागला, धाप ऐकू आली, काळा फिल्टर उंच धरला गेला.

बायको सरळ आत शिरली. "बघू जरा. यावर लाल ठिपका कुठाय?"

"बाई, धुळीत गेला असेल."

"मग हा कुठला?" तिने गाडीतला कप्पा उघडून फिल्टर ओढला. ठिपका जागच्या जागी होता. फिल्टरला हात लागलाच नव्हता.

प्राध्यापक मात्र कापडाकडे बघत होते. "हे पिवळं पीस मी ओळखतो," ते खजील होऊन म्हणाले. "मागच्या वेळी याच पिसाकडे बघून मी मान डोलवली होती."

"माझ्याही गाडीतून हेच निघालं होतं!" गर्दीतून मागच्या वेळच्या रुमालवाल्या बाई ओरडल्या.

डॉक्टर मागे सरले, तसा कोट उघडला. आत फिल्टर मावेल एवढा लांबलचक खिसा शिवलेला होता. बाहीत राखेची गोळी लपवणारे महाराज सरांनी पकडले होते, पण कोटाच्या खिशाकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. लोक आपापल्या किल्ल्या मागू लागले.

पुढच्या सभेत प्राध्यापकांनी पहिला बळी म्हणून स्वतःलाच उभं केलं. लोक पोट धरून हसले.

"पण सर," एकाने विचारलं, "तुम्ही कसे फसलात?"

"त्याने मला हुशार म्हटलं," प्राध्यापक म्हणाले. "मग प्रश्न विचारायची मला लाज वाटली. आमच्यासारख्या डिझेल गाडीच्या इंजिनाचं तेल बदलल्यावर लगेच काळं पडतं, कारण काजळी पोटात घेणं हेच त्याचं काम. हे मी वर्गात शिकवतो. त्याने तेलाने काळं झालेलं बोट दाखवलं, तेव्हा मात्र मी दचकलो. ब्रेक ओरडत होता, तेव्हा बहिरा झालो.

"म्हणून सांगतो, गाडी असो की माणूस, कुणी आजार सांगितला की विचारा. कुठला भाग? मला जागेवर दाखवा. आता नाही केलं तर काय होईल? कंपनीने दिलेलं माहितीपुस्तक वाचा, शंका आली तर दुसरीकडे विचारा. ब्रेक, टायर, तेल यांत मात्र कधी चालढकल करू नका. खरी निगा राखायलाही डोकं वापरावं लागतं. त्या दिवशी माझं डोकं बंद होतं आणि त्याची किंमत सायकलवरचं ते पोर मोजणार होतं. त्या पोराचा जीव धोक्यात घालणारा मी कुणी महाराज नव्हतो, डॉक्टर नव्हतो. मी नुसता प्रश्न न विचारणारा माणूस होतो."

या वेळी कुणी हसलं नाही.