फ्रिजवरचा हमुराबी

"हमुराबी कोणाला म्हणतो रे तू? मला? माझ्या घरात, माझ्याच किचनमध्ये उभं राहून, माझाच टोस्ट खाता खाता?"

रामभाऊकाकांच्या एका हातात गाडीची किल्ली होती आणि दुसऱ्या हातात एक छोटं पांढरं इंडेक्स कार्ड. मेलेलं झुरळ मिशीला धरून उचलावं ना, तसं ते कार्ड त्यांनी दोन बोटांत धरलं होतं.

"तुम्हालाच म्हटलंय," ज्ञानदेव म्हणाला. तोंडात टोस्ट होता तरी म्हणाला. गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "वाचता येतंय ना? मराठीतच लिहिलंय."

काकांनी मोठ्याने वाचलं. "हमुराबी म्हणजे रामभाऊकाका. सगळे नियम लिहून लावतो. चुकलं की शिक्षा." चष्मा खाली घेऊन त्यांनी पुतण्याकडे बघितलं. "शिवी आहे का ही?"

"शिवी नाहीये, काका. टेस्ट आहे माझी दहा वाजता. नऊ वाजून पाच मिनिटं झालीत. आपण गाडीत बोलू ना."

"गाडी हलणार नाही. आधी हा कोण ते सांग. शिवी निघाली तर चालत जा."

चालत! एडिसनमध्ये शनिवारी चालत कुठे जाऊन दाखवा म्हणावं. टेस्ट होती ते अॅडल्ट स्कूल, शाळा सुटलेल्यांची शाळा, होतं सात मैलांवर, वाटेत सगळा हायवे, फुटपाथचा पत्ता नाही आणि बस येणार साडेअकराला. काकांना हे सगळं माहीत होतं. म्हणून तर ते एवढ्या शांतपणे म्हणाले.

आता ही टेस्ट काय होती ते सांगायला पाहिजे. ज्ञानदेव सतरा वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी नागपूरहून इथे परदेशात काकांकडे शिकायला आला आणि अकरावीत शाळा सोडून बसला. कारण काय, तर जिमच्या सरांनी 'शर्ट आत खोच' म्हटलं. हा म्हणाला, नाही खोचत. सर म्हणाले, मग बाहेर जा. हा गेटमधून बाहेर पडला तो परत गेलाच नाही. नंतर दीड वर्ष घरात बसून त्याने एकच गोष्ट केली, डोक्यावरून जाणारी विमानं ऐकली. नेवार्कच्या विमानतळावर उतरणारी विमानं त्यांच्या घरावरूनच जायची आणि कुठल्या विमानाचं इंजिन कुरकुरतंय ते त्याला उशीत तोंड खुपसूनही कळायचं. नेवार्कच्या बाजूला विमानांची इंजिनं दुरुस्त करायला शिकवणारा एक कोर्स होता, सप्टेंबर सत्त्याऐंशीची बॅच. फॉर्म भरून झाला होता. अडलं होतं हायस्कूलच्या डिप्लोमावर. आणि डिप्लोमा अडला होता वर्ल्ड हिस्टरीच्या एका पेपरवर. पेपर आज. आज चुकला तर पुढचा डिसेंबरमध्ये. म्हणजे बॅच गेली.

पेपरात होत्या जगातल्या सगळ्यात जुन्या संस्कृती. झिगुरात, क्युनिफॉर्म लिपी, सारगॉन, हातशेपसुत, असली एकेक नावं, आणि प्रत्येकापुढे दोन वाक्यं लिहायची. महिनाभर ज्ञानदेवने ती घोकली. संध्याकाळी पाठ, सकाळी साफ. शेवटी त्याने पुस्तक सोफ्यावर आपटलं (काकांचा नियम क्रमांक अकरा मोडला) आणि ओरडला, "नागपूरला लग्नात गेलो तर मावशीच्या नणंदेच्या दिराचं नाव मला पाठ असतं, मग या लोकांनीच माझं काय घोडं मारलंय?"

आणि तिथेच त्याला सुचलं. नावाला ओळखीचं तोंड पाहिजे. घरातलं.

मग त्याने एकेका नावाचं कार्ड लिहिलं आणि पाठांतर घ्यायला काकांच्या मुलीला, संघमित्राला, कामाला लावलं. ती अकरा वर्षांची, जन्म इथलाच, मराठी सगळं कळायचं पण तोंडातून इंग्लिश निघायचं. तिलाही सहावीत हेच होतं. हॉलमध्ये तीन सुटकेसेस एकावर एक ठेवलेल्या होत्या, खाली मोठी, वर मधली, त्यावर छोटी, वरून पांढरी चादर, आणि सगळ्यात वर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. "हा बघ झिगुरात," ज्ञानदेव म्हणाला. "पायऱ्यापायऱ्यांचा उंच चौथरा, आणि देऊळ टोकाला." संघमित्रा एवढी हसली की तिला उचकी लागली. तो विषय त्यानंतर कोणाच्या बापाला विसरता आला नसता. काकांचा मोठा मुलगा रवी कॉलेजात होता, कोणाच्याही ताटातला शेवटचा पापड स्वतःचा समजायचा. तो झाला सारगॉन, आजूबाजूची सगळी शहरं गिळून एक साम्राज्य केलेला. आणि फ्रिजवर लॅमिनेट करून चिकटवलेले एक्केचाळीस नियम, काकांनी ऑफिसच्या टाइपरायटरवर स्वतः टाइप केलेले? ते लावणाऱ्याला दुसरं कोणाचं नाव देणार?

काका औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. गोळी किंचित वाकडी निघाली तर अख्खी बॅच फेकून द्यायचे. घरातही तेच. नियम चार, बूट दाराबाहेर. नियम नऊ, थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही. नियम अठ्ठावीस, भारतात फोन रविवारी, तीन मिनिटं, आणि त्यातलं एक मिनिट रडण्यात घालवायचं नाही.

"डॅडी, इट्स नॉट अ बॅड वर्ड," संघमित्रा कॉर्नफ्लेक्सच्या बाऊलमधून डोकं वर काढून म्हणाली. कार्ड तीच टेबलावर विसरली होती, त्यामुळे तिचे कान लाल झाले होते. "ही वॉज अ किंग."

"किंग?" काकांची किल्ली फिरायची थांबली.

"बॅबिलोनचा," ज्ञानदेव म्हणाला. घाईघाईत, पण न अडखळता. "पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा. दोनशे ब्याऐंशी कायदे केले. नुसते केले नाहीत, काळ्या दगडावर कोरून घेतले. माणसापेक्षा उंच दगड. का, तर बलवानाने दुबळ्याला छळू नये, आणि नंतर कोणी म्हणू नये की मला माहीतच नव्हतं."

काकांनी फ्रिजकडे बघितलं. मग कार्डाकडे. मग परत फ्रिजकडे. चेहऱ्यावर असं काही पसरलं की जणू ऑफिसातून प्रमोशनचं पत्र आलंय.

"दगडावर?"

"हो."

"लॅमिनेशन नव्हतं ना तेव्हा," काका म्हणाले, आणि स्वतःच हसले. "प्रतिमा, ऐकलं का? पावणेचार हजार वर्षांपूर्वी माझ्यासारखा एक होऊन गेला."

"म्हणजे त्याच्या बायकोचेही हाल झाले असतील," प्रतिमाकाकू पोळीचा डबा बंद करत म्हणाल्या. "आणि माझं कार्ड कोणतं रे, ग्यानू?"

"हातशेपसुत. इजिप्तची राणी. राणी कसली, राजाच. दाढी लावून सिंहासनावर बसायची. दूरदेशी जहाजं पाठवून उदाची झाडं मागवली तिने. तुम्ही ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून उदबत्त्या आणता तशी."

"दाढी?" काकूंनी हनुवटीवरून हात फिरवला. "चालेल. कारभार माझा, दाढी यांची, तसंही."

नऊ पंधरा. काका बूट घालायला वाकले. ज्ञानदेवने पेन्सिली खिशात टाकल्या, जॅकेट उचललं. सुटलो, असं त्याला वाटलं. आणि तेवढ्यात आपली शहाणी संघमित्रा म्हणाली, "टेल हिम द अदर पार्ट. द आय पार्ट. दॅट्स ऑन द टेस्ट फॉर शुअर."

"आता नको."

"कोणता पार्ट?" काकांचा एक बूट हातात, एक पायात.

ज्ञानदेवला खोटं बोलता यायचं, पण वेळ लागायचा. तो म्हणाला, "डोळ्याला डोळा. सरदाराने सरदाराचा डोळा फोडला तर त्याचा फोडायचा. पण साध्या माणसाचा फोडला तर नुसता दंड. आणि गुलामाचा फोडला तर दंड त्याहून कमी, तोही त्याच्या मालकाला."

वरून एक विमान गेलं.

काका उभे राहिले. बूट अजून हातातच. "माणूस बघून शिक्षा?"

"हो."

"जन्म बघून?"

"साधारण तसंच."

"आणि तो मी?" काकांचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "ग्यान्या, माझ्या बापाला शाळेत दाराबाहेर बसवत होते. पाणी वरून ओतायचे. सगळ्यांना एक कायदा पाहिजे म्हणून आपल्या लोकांनी काय नाही केलं! आणि तू मला त्या माणसाच्या रांगेत बसवतो? हे एक्केचाळीस नियम आहेत ना, ते या घरात सगळ्यांना सारखे आहेत. मलासुद्धा! नियम चार बघ, बूट बाहेर, हा बघ माझा बूट..."

बूट किचनच्या मधोमध होता. काकांनी तो हळूच पाठीमागे नेला.

ज्ञानदेव गप्प बसला असता तर बरं झालं असतं. माफी मागून गाडीत बसला असता तर साडेनऊला पोचून वर पाणीसुद्धा पिऊन झालं असतं. पण जिमच्या सरांसमोर त्याच्या कपाळावर जी शीर उठली होती तीच आता उठली.

"सारखे?" तो फ्रिजजवळ गेला आणि लॅमिनेटवर बोट आपटलं. "नियम सतरा. गाडीला धक्का लागला तर दोन महिने गाडी बंद. मार्चमध्ये माझ्याकडून साईडचा आरसा वाकला. फुटला नाही, वाकला! मी स्वतः हाताने सरळ केला. दोन महिने बंद. बरोबर, मी गप्प बसलो. एप्रिलमध्ये रवीने पुढच्या फेंडरचा अख्खा पत्रा चेपवला. तुम्ही काय म्हणालात? 'पोरगा आहे, होतं असं.' रवी काल पण गाडी घेऊन मूव्हीला गेला. आणि मला लायसन्स असून आज पेपरला जायला तुमच्यासमोर कार्डाचा हिशेब देत उभं राहावं लागतंय. सरदाराच्या पोराला एक कायदा, पुतण्याला दुसरा. मग कार्डावर कोणाचं नाव लिहू मी?"

बोलून झाल्यावर त्याने लॅमिनेटवरचं बोट काढलं. झालं. गेली बॅच. स्वतःच्या तोंडाने घालवली, दुसऱ्यांदा.

काकांनी नियम सतरा वाचला. स्वतःच टाइप केलेला, तरी पहिल्यांदा वाचत असल्यासारखा. ओठ हलवत वाचला.

"प्रतिमा," ते म्हणाले, "मी म्हणालो होतो असं?"

"म्हणाला होतात," काकू म्हणाल्या. "वर त्याला वीस डॉलर पण दिले होते. घाबरला म्हणून."

"ट्वेंटी-फाइव्ह," संघमित्राने दुरुस्ती केली.

काका खुर्चीत बसले. नऊ बावीस. ज्ञानदेव घड्याळाकडे बघत होता आणि बघत नाहीये असं दाखवत होता. मग काकांनी जिन्याकडे तोंड केलं आणि अशी हाक मारली की शेजारच्या बिल्डिंगमधला कुत्रा भुंकला. "रवी! खाली ये!"

रवी आला तो हाफ पँटमध्ये, डोळे चोळत, केसांचं टोपलं. "व्हॉट? हू डाइड?"

"आजपासून दोन महिने गाडी बंद तुझी. नियम सतरा."

"व्हॉट? डॅड! दॅट वॉज एप्रिल! यार, ग्यानू, तू काय सांगितलंस?"

"बॅबिलोनबद्दल सांगितलं," ज्ञानदेव म्हणाला. "सारगॉन, तुझं साम्राज्य गेलं."

"सारगॉन कोण बे?" रवी टेबलावरचा टोस्ट उचलत म्हणाला. ज्ञानदेवचा टोस्ट. संघमित्राने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं तरी हसू बाहेर आलंच.

"आणि तुझी बंदी कधी संपते?" काकांनी ज्ञानदेवला विचारलं.

"परवा."

"मग आधीच संपलेली धर. दोन दिवस रवीच्या खात्यात टाकू." काकांनी किल्ली पुढे केली. ज्ञानदेवने हात पुढे केला, तर किल्ली सुटेना. काकांनी दुसरं टोक धरून ठेवलं होतं. "जरा थांब. हा सतरावा बदलून लिहितो. काय लिहू? 'घरातल्या कोणालाही' की 'घरात राहणाऱ्या कोणालाही'? पाहुण्याने ठोकली तर? प्रतिमा, पेन कुठाय? आणि ग्यानू, त्या हमुराबीने शेवटी काय लिहिलं होतं, नंतर बदल करायचे असले तर?"

"बदल करणाऱ्याला भयानक शाप दिलेत, काका. पानभर."

"बघ! तिथे चुकला तो. कायद्यात बदलाची सोय पाहिजे. बस, दोन मिनिटं बस, मी तुला सांगतो घटनादुरुस्ती कशी असते..."

"डॅड, आय वाँट अ लॉयर," रवी तोंडात टोस्ट घेऊन म्हणाला.

"नऊ अठ्ठावीस," काकू म्हणाल्या.

ज्ञानदेवने किल्ली ओढली, जरा जोरातच, आणि ती सुटली. जॅकेटची एक बाही घातलेली, एक लोंबत होती. "काका, घटनादुरुस्ती संध्याकाळी. मला आता निघायला पाहिजे."