शेवंतीकाकूंच्या वेलाचा राग

मी लाल भोपळ्याचा वेल. शहाडला एका बैठ्या चाळीमागे पत्र्यावर पसरलोय. मला राग आलाय, आणि तो आज बोलून दाखवणार आहे.

शेवंतीकाकूंनी मला गावाहून आणलेल्या बीपासून वाढवलं. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, मधमाश्या फिरकेनाशा झाल्या. म्हणून रोज सकाळी त्यांचं काम काकू करतात. माझी नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. पण नराचे पराग आत शिरून बीजांडाला मिळाले नाहीत, तर तो पिवळा पडून गळतो. काकू नर फूल खुडतात, पाकळ्या काढतात आणि मादी फुलात हलकेच फिरवतात.

एवढं कळतं, मग घरात पाऊल टाकल्यावर काय होतं?

त्यांची सून हेमांगी. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. "वेलाला हात लावू नकोस, फळं गळतील," असं काकू तिला बजावतात. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. दोष निघाला नाही, तरी दुसरं ऑपरेशन ठरलं. बाळाला आईबाप दोघांचं बीज लागतं. पण काकूंच्या मुलाची, मितेशची, साधी तपासणीसुद्धा नाही!

काल माझे तीन भोपळे गळाले. काकू म्हणाल्या, "नर फुलंच कुचकामी निघाली. वेल बिचारा काय करणार?"

हेमांगी कपडे वाळत घालत होती. "आई, मला कधी बिचारी म्हणालात?"

मितेश हसला. "आता भोपळ्याशी बरोबरी?"

"हसा. पण उद्या मी ऑपरेशनला जाणार नाही. आधी तुमची तपासणी."

"मला काय धाड भरलीय?"

"मला तरी कुठे भरली होती? तरी पोट फाडलंत ना?"

काकू ताडकन आत गेल्या.

आज सकाळी त्या आल्या, नर फूल खुडलं आणि ते धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मग ओरडल्या, "मितेश, चप्पल घाल. दवाखान्यात जा."

"आई, तू पण?"

"घाल म्हणते ना!"

तो पाय आपटत गेला. काकूंनी हेमांगीला जवळ बोलावलं, फूल पुढे केलं. "घे, तू लाव."

हेमांगीने ते घेतलं नाही. पोटावरच्या व्रणांवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली.

माणसांनो, सुनेला दोष देण्याआधी मुलालाही तपासा. नंतर पुढे केलेल्या फुलाने व्रण जात नाहीत.

ऊन चढलं. माझं मादी फूल मिटलं. तो भोपळा आता धरणार नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.