दादाचा नमुना

दादा दुर्बिणीच्या तपासणीला तयार नव्हता. शौचावाटे रक्त जात होतं, वजन उतरलं होतं, तरी त्याचं एकच पालुपद: "मूळव्याध आहे."

त्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेत नेमकं याच दुखण्यावर काम करायची. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात विष्ठेतली बुरशी वाढते का, त्यावरून रोग लवकर ओळखता येईल का, हे पाहायचं. उत्तर अजून कच्चंच होतं. तरी शेवटी वैतागून तिने दादाकडूनही नमुना घेतला. काही वेडंवाकडं दिसलं तर घाबरून तरी जाईल.

दिसलं उलटंच. बुरशी जवळजवळ नव्हतीच. आणि खोटं बोलणं तिला जमत नव्हतं.

दादाच्या हाती कोलीतच मिळालं. "आमच्या बुरशीबाईंनी पास केलंय मला," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

"ही तपासणी अजून सिद्ध झालेली नाही, दादा."

"मग करतेस कशाला?"

उत्तर होतं तिच्याकडे, पण तोवर त्याने टीव्ही लावलेला असायचा.

एका रविवारी तो बोलता बोलता पोटरी खाजवत होता. पोटरीवर फिकट, गोल चट्टे.

"हे काय?"

"गजकर्ण. बरं होत आलंय. महिनाभर गोळ्या चालू आहेत."

वहिनीने कपाटातून पाकीट आणून दिलं. बुरशी मारायच्या गोळ्या, नमुना घेतला त्याच्या आधीपासूनच्या.

प्रत्येक रुग्णाला ती आधी विचारायची, औषधं कुठली चालू आहेत? दादाला विचारलं नव्हतं. घरचाच माणूस.

"बुरशीचं औषध खाऊन मला बुरशी शोधायला लावलीस?"

"तू विचारलंस कुठे?"

ते खरं होतं, म्हणून ती जास्तच चिडली. "तुझा नमुना बाद."

"म्हणजे नापास?"

"नापास व्हायला पेपर लिहावा लागतो. तू कोरा दिलायस."

"मग गोळ्या संपल्या की परत देतो."

गोळ्या संपून बुरशी पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे आणखी कितीतरी आठवडे. तिने पाकीट खाली ठेवलं. "मी थांबेन रे. पण आत काही वाढत असेल, तर ते तुझ्या गोळ्या संपायची वाट बघेल का?"

दादाचा हात पोटरीवरच थांबला. वहिनीने फोन उचलून नणंदेच्या हातात दिला. "लावा दवाखान्यात, दुर्बिणीसाठी. हे येतील. मी आणते."

दादा बायकोकडे बघत राहिला. मग बहिणीला म्हणाला, "लाव. पण आधी विचारलं असतंस, तर इतके दिवस गेले नसते."

"हो," ती म्हणाली, आणि नंबर लावला.